पुढच्या ओळीतला तिसरा

आमचे हे, म्हणजे धुळ्याचे गिरधर फोटोवाले, आयुष्यात एकच खोटं बोलले आणि त्यापायी अठ्ठावीस वर्षं धास्तावून राहिले. त्यात माझाही हात होता, म्हणून सांगते.

चौसष्ट साली इथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कौतिक नावाचा हमाल कपाशीच्या गंजीखाली दबून गेला. त्याची बायको धुरपदाबाई स्टुडिओत आली. धन्याचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल का, म्हणाली. ह्यांनी कामगारांचा ग्रुप फोटो काढला होता, पण त्याची निगेटिव्ह काही केल्या सापडेना. रडत्या बाईला नाही म्हणणं ह्यांना कुठलं जमायला! आहे, देतो, म्हणून बसले. मग साक्रीच्या बाजारातून कौतिकसारखा दिसणारा एक माणूस धरून आणला. मी त्याला सासऱ्यांचा फेटा बांधला, ह्यांनी पेन्सिलीने मिशा दाट केल्या. बाईने तो फोटो बराच वेळ पाहिला, कपाळाला लावला आणि घेऊन गेली.

पुढे जिनिंग बंद पडली. ब्याण्णव साली मालकाच्या मुलाने तिथे मंगल कार्यालय केलं. भिंतींवर जिनिंगचे जुने फोटो लावा, असं ह्यांना सांगितलं आणि उद्घाटनाला जुन्या कामगारांच्या घरी आमंत्रणं धाडली. खोकी उपसताना ती मेली निगेटिव्ह तेव्हा सापडली! सतरा माणसं, पुढच्या ओळीत तिसरा कौतिक.

आठ दिवस ह्यांना घास गोड लागेना. नका लावू, म्हटलं मी. तर म्हणे, बाकी सोळा घरांनी काय पाप केलंय? ती बाई इतकी वर्षं परक्या पुरुषाला हार घालत होती. कळलं तर तिचं काय होईल?

उद्घाटनाला धुरपदाबाई सुनेचा हात धरून आली. ह्यांनी लावलेल्या त्या ग्रुप फोटोपुढे उभी राहून एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवू लागली. कौतिकवर बोट थांबलं. बोट पुढे सरकलं, पार सतराव्यापर्यंत गेलं.

"यामा त्या नही शेतस, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिन कामवर उना नसतीन."

ह्यात धनी नाहीत, त्या दिवशी कामावर आले नसतील, म्हणते! सुटलो बाई एकदाचे, असं मला वाटलं. पण ह्यांचा हात वर उठला होता, तिसऱ्या चेहऱ्याकडे. मी तो धरला आणि खाली ओढला. धुरपदाबाई जेवणाच्या पंगतीत जाऊन बसली.

हे गेले, परक्यालाच हार घालत तीही गेली. तो हात मी उगाच ओढला.