लंगड्या हरिणीसाठी दोन दिवस

शुक्रवारी दुपारी केंब्रिजच्या स्टेशनात थेटफर्डचं तिकीट काढताना खिडकीतल्या बाईनं विचारलं, "वीकएंडला फिरायला?" मी हो म्हणाले. एका हरिणीला मारायला चालले आहे, असं तिला सांगणं बरं दिसलं नसतं.

खरं तर मी मारणार नव्हते. मारणार होता डेरेक नावाचा एक म्हातारा, आणि त्याला मी अजून पाहिलंही नव्हतं. आठवड्यापूर्वी मी नॉरिचहून गाडीनं परत येत होते. नोव्हेंबर, २००५. संध्याकाळी साडेचारलाच अंधारलेलं. थेटफर्डच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनचं रान आहे. तिथं एक मादी कुंपण ओलांडून थेट दिव्यांच्या उजेडात आली. मी ब्रेक दाबला, तरी धक्का बसायचा तो बसलाच. ती पडली, उठली आणि तीन पायांवर रानात शिरली. मागचा डावा पाय नुसता लोंबत होता. डावा, हे मी खात्रीनं सांगते. मी रेडिओग्राफर आहे. नागपुरात आठ वर्षं आणि इथल्या हॉस्पिटलात चार वर्षं मोडलेल्या हाडांचे एक्स-रे काढत आले आहे. डावा की उजवा ही खूण असल्याशिवाय माझ्या हातून फिल्म पुढे जात नाही.

पोलिसांना फोन केला, तर त्यांनी डेरेकचा नंबर दिला. गाडीखाली सापडून जखमी झालेली हरणं शोधून त्यांना संपवणारी अशी माणसं इकडे असतात. डेरेक कुत्री घेऊन दोन दिवस फिरला, पण पावसानं माग धुऊन नेला होता. मी त्याला रोज फोन करत होते. त्या पायाचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. गुरुवारी तो म्हणाला, "एका शेतकऱ्याला लंगडी मादी दिसलीय. उजाडताना त्याच्या गव्हात येते. शनिवारी मी टपून बसतो." मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, "गरम कपडे आण."

हाउन्सलोच्या उज्ज्वलाला मी हे सांगितलं. ती माझी नागपूरपासूनची मैत्रीण. महिन्यातून एकदा तिच्याकडे आम्ही सगळे बुद्धवंदनेला जमतो.

"अगं, अ‍ॅक्सिडेंट होता तो. रिपोर्ट केलास, दॅट्स इट," ती म्हणाली. "आणि जीव न घेण्याचं पहिलं शील घेतलंय ना आपण? स्वतः मार नाहीतर दुसऱ्याकडून मारून घे, सेम थिंग आहे."

"ती रोज मरतेय गं तिथे. तिची सुटका व्हायला हवी."

"मग जा बाई. थर्मल्स घाल पण."

शीलाचा टेंभा मिरवायला मला तशी जागा नाही. मी नागपूरची आहे, मटण खाते. पण कापणारा कोणीतरी दुसरा असतो आणि आपण पिशवी घेऊन घरी येतो. एका ठरावीक जिवाकडे बोट दाखवून 'याला मार' असं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

थेटफर्डला उतरले तेव्हा दिवस मावळत होता आणि धुकं रुळांवर उतरलं होतं. डेरेक फाटकापाशी उभा होता. सत्तरीकडे झुकलेला, बुटका, हिरव्या जाड कोटातला. त्याच्या जुनाट जीपमध्ये ओल्या कुत्रीचा वास होता. वाटेत गावं अशी लागलीच नाहीत. नांगरलेली काळी शेतं, बीटचे ढीग आणि त्यांच्यामागे पाइनची रांग, हेच पुन्हा पुन्हा. तो फारसं बोलत नव्हता आणि मलाही ते सोयीचं होतं.

त्याच्या घरी बायको मॉरीननं स्ट्यू (दाट रस्सा) केला होता. त्यात पिठाचे वाफवलेले गोळे होते, ज्यांना ती डम्पलिंग म्हणत होती. मांस हरणाचं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी वाढलेलं सगळं खाल्लं. तिखट नव्हतं, पण गरम होतं.

जेवल्यावर डेरेकनं माझं सामान तपासलं. नव्याकोऱ्या जॅकेटची बाही चोळून त्यानं ते बाजूला ठेवलं. "हे चिप्सच्या पाकिटासारखं वाजतं. मॉरीनचा लोकरीचा कोट घाल." मी मोज्यांच्या दोन जोड्या आणल्या होत्या, त्यातली एक काढायला लावली. बुटात बोटं हलली नाहीत तर ती आधी गोठतात म्हणे. पहाटे चहा एकच कप, कारण वर बसल्यावर खाली उतरायची सोय नाही. चालताना कोट हातात घ्यायचा आणि वर पोचल्यावर अंगात घालायचा. चालताना आलेला घामच पुढे दोन तास गारठवतो. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते, तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

"शेताच्या मालकानं फक्त त्या जखमी मादीपुरती परवानगी दिलीय," झोपायला जाताना तो म्हणाला. "बाकीच्यांची शिकार फेब्रुवारीत. तेव्हा तिला ओळखायचं काम तुझं. तू पाहिलीयस."

शनिवारी पहाटे गवत पावलाखाली काचेसारखं मोडत होतं. हाय सीट (शिडी लावलेलं मचाण) एका पाइनला टेकवलेलं होतं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. मचाण म्हटलं की मला नागझिरा आठवतं, मे महिना, घामानं पाठीला चिकटलेला कुर्ता. इथं बसायच्या फळीवर बर्फाची साय धरली होती. डेरेकनं तिच्यावर मेंढीचं कातडं पसरलं आणि पायांखाली जुन्या गालिच्याचा तुकडा टाकला, एक तर आवाज होऊ नये म्हणून आणि दुसरं म्हणजे खालून गारवा चढू नये म्हणून. "हात काखेत. श्वास मफलरमध्ये सोड," तो कुजबुजला. "मान वळवायचीच झाली तर घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखी वळव."

अर्ध्या तासात मला गुडघे आहेत की नाहीत हे कळेनासं झालं. समोर गव्हाची कोवळी पट्टी होती, तिच्यापलीकडे रान. सगळं राखाडी. थंडीनं नाक गळायला लागलं आणि शिंक येईल म्हणून मी घाबरले. खिशात बामची डबी होती. सर्दी म्हटली की बाम, हे आईनं लहानपणापासून हाडांत मुरवलेलं. मी चोरासारखी डबी उघडली, नाकाखाली लावला, गळ्याला चोळला आणि वर स्वतःच्या प्रसंगावधानावर खूश झाले.

सातच्या सुमारास ती आली. फॅलो जातीची (आपल्या चितळाची दूरची बहीण, थंडीत ठिपके पुसट होतात) एकटी मादी रानाच्या कडेला उभी राहिली. धड उजाडलं नव्हतं. ती लंगडतेय एवढंच कळत होतं. डेरेकनं रायफल हळूहळू उचलली. तेवढ्यात वारा आमच्या पाठीकडून आल्याचं मला मानेवर जाणवलं. मादीनं मान ताठ केली, नाक वर उचललं, आणि पुढच्या क्षणी तिथं नुसतं रान होतं.

डेरेकनं हवेत हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डबी दाखवली.

"निलगिरी," तो म्हणाला.

"आणि कापूर," मी म्हटलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रायफल उतरवून तो शिडीवरून खाली गेला आणि मला हात दिला. मी जीपपर्यंत रडत गेले. आणखी एक अख्खा दिवस आणि एक रात्र ती तशीच काढणार होती, आणि ते माझ्या सर्दीपायी. मॉरीननं गरम पाणी आणि बिनवासाचा साबण दिला. मी मान लाल होईपर्यंत घासली.

दुपारी आम्ही पुन्हा बसलो, तर धुकं आलं. पन्नास पावलांपलीकडचं झाडही दिसेना. अंधार पडेपर्यंत थेंब पडल्याचा आवाज ऐकत राहिलो. खाली उतरल्यावर मी विचारलं, "उद्या नाही आली तर?"

"तर पुढच्या आठवड्यात मी एकटा येईन."

"मला सोमवारी ड्यूटी आहे."

"माहितेय," तो म्हणाला.

रविवारी पहाटे धुकं नव्हतं, पण थंडी आदल्या दिवसापेक्षा बेरकी होती. दीड तास झाला. माझे दात वाजू नयेत म्हणून मी मफलरचं टोक चावून धरलं होतं. डोक्यात एकच विचार चालू होता, की हे संपू दे. आणि ती आली. त्याच जागी, पण कालच्यापेक्षा थोडी उशिरा, त्यामुळे आज उजेड चांगला होता. ती आडवी उभी राहून गहू खाऊ लागली. मागचा एक पाय तिनं जमिनीला लावला नव्हता.

डेरेक दुर्बिणीतून बघत होता. ओठ न हलवता त्यानं विचारलं, "तीच का?"

तिचं तोंड आमच्या उजवीकडे होतं. म्हणजे आमच्याकडची तिची बाजू उजवी. आणि उचललेला पाय आमच्याच बाजूचा होता. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण दिवसातून चाळीस वेळा मी हेच बघते आणि त्याचाच पगार घेते. उजवा. मनात लगेच दुसरा आवाज आला, की त्या संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात तुझीच चूक झाली असेल, ती वळली असेल, एकाच रानात लंगड्या माद्या असतात तरी किती. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुन्हा थंडी, पुन्हा पुढचा आठवडा, पुन्हा तो लोंबणारा पाय. मी होकाराची मान हलवली.

गोळीचा आवाज वाटला होता तेवढा मोठा नव्हता. ती दोन उड्या मारून गव्हातच पडली.

आम्ही दहा मिनिटं वरच थांबलो. तसा नियम आहे. मग डेरेक पुढे आणि मी मागे, असे गेलो. तिचा डोळा उघडा होता. त्यानं त्याला काडीनं स्पर्श करून पाहिला, मग टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि सुरी घेऊन कामाला लागला. मी तोंड फिरवलं नाही. आतडी काढल्यावर तो थबकला. मूत्रपिंडांभोवती पांढऱ्या चरबीचा जाड थर होता.

"खाऊनपिऊन मजेत होती," तो म्हणाला. मग त्यानं तो पाय हातात घेतला, अंगठा खालपर्यंत फिरवला आणि तो माझ्याकडे केला.

मी हातमोजा काढला. कातडी अखंड होती, केस नीट आलेले. आत हाड तिरकं जुळलं होतं आणि जुळल्या जागी दगडासारखी टणक गाठ होती. एक्स-रेची गरज नव्हती. असं हाड धरायला महिने लागतात. हिचा पाय उन्हाळ्यातच मोडला होता आणि तेव्हापासून ती तीन पायांवर चरत होती, पळत होती, काल माझ्या बामच्या वासानं सावध होऊन निसटली होती.

"ही तुझी नव्हे," डेरेक म्हणाला.

"नाही. माझ्या मादीचा डावा होता."

"आणि हा उजवा आहे, हे वरून दिसलं होतं?"

"हो."

त्यानं सुरी गवताला पुसली, पुन्हा पुसली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "गारठलेल्या माणसाला काही विचारू नये, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "मालकाशी मी बोलेन. फेब्रुवारीत हिच्यावर पाळी आलीच असती." हे त्यानं माझ्यासाठी म्हटलं होतं. फेब्रुवारीपर्यंत मध्ये दोन महिने होते आणि ते तिचे होते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तिला ओढत जीपपर्यंत आणलं. एक पाय मी धरला. परतीच्या वाटेवर अपघाताची जागा लागली. मी थांबायला सांगितलं. रस्त्याकडेला माझ्या गाडीच्या दिव्याची फुटकी काच अजून पडली होती. डेरेकनं जीपमधल्या कुत्रीला पुन्हा सोडलं. ती अर्धा तास नेच्याच्या वाळक्या पानांत हुंगत फिरली आणि चिखलाचे पाय घेऊन परत आली.

"त्या रात्रीच गेली असेल कुठं तरी," डेरेक म्हणाला. "नाहीतर हिच्यासारखी निभावेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचं तेवढं आज वाटून झालं, बाई."

मॉरीननं डब्यात सँडविच दिलं आणि माझा हात थोपटला. काय झालं ते तिनं विचारलं नाही. परतीची रेल्वे अर्धी रिकामी होती. पाण्यानं भरलेली सपाट शेतं मागे पडत होती आणि चार वाजायच्या आत काचेत माझाच चेहरा दिसायला लागला. इली स्टेशन यायच्या आधी उज्ज्वलाचा फोन आला.

"सापडली का गं?"

मी सगळं सांगितलं. उजवा पाय, माझी मान, हाडावरची गाठ, काहीही न वगळता.  ती हळूच म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस ना पण."

"मुद्दामच केलं," मी म्हटलं. "मला ते संपवायचं होतं."

पुढच्या वंदनेला ये, आपण बोलू, असं ती म्हणाली. मी गेले, बोललेही. सगळ्यांनी मला समजून घेतलं. माझ्या गाडीखाली आलेली ती मादी जिवंत आहे की नाही, ते मला आजही माहीत नाही. पण एक गोष्ट मी तिथं कुणाला सांगितली नाही, उज्ज्वलालाही नाही. त्या रविवारी घरी पोचले, अंघोळ केली आणि आडवी झाले. आठवडाभर मला धड झोप नव्हती, आणि त्या रात्री मी सकाळचा गजर होईपर्यंत लहान मुलासारखी गाढ झोपले.