किल्ल्यात राहणारा कॉम्प्युटरवाला

चहा घ्या, बिस्कीट घ्या, पण एक शब्द द्या. हे पारनेरच्या पेठेत कुणाला सांगायचं नाही. सांगणारच म्हणा तुम्ही! मग निदान माझ्या तोंडून तरी ऐका, कारण आमची मंगल सांगते ती हकिकत याहून वाईट आहे.

मी लग्नाचे फोटो काढतो. पेठेत छोटा स्टुडिओ आहे, काउंटरवर बायको, म्हणजे मंगल, बसते. मध्यंतरी आमच्याकडे पोलिसांचा कार्यक्रम झाला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणून अनोळखी फोन आला की बंद करा, एवढंच साहेबांनी सांगितलं. किती सोपं! पण आपल्याला सोपं कधी पटलंय का? मी त्यात पदरची भर घातली.

म्हटलं, फोनवाल्याला आधी गाव विचारा, मग मामाचं गाव विचारा. गाव कुणीही ठोकून देईल, पण मामा कुठून आणेल? अहो, लग्नात मी तेच तर बघतो. 'मामा, मुलीला घेऊन या' असं माईकवर पुकारलं की सगळ्या मांडवाची नजर तिकडं. तो फोटो चुकला की पुढची दहा लग्नं गेली समजा. समोरच्या टपरीवर ही युक्ती मी इतक्यांदा सांगितली, की टपरीवाला मला लांबूनच हात जोडायला लागला.

तर त्या दिवशी एका गुरुजींच्या मुलीचा अल्बम संध्याकाळी पाचला द्यायचा होता. मुलगी दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर बंगळुरूला निघणार. आणि सकाळी अकराला माझा कॉम्प्युटर अडून बसला, बाकी सगळं चाले, पण फोटो काही उघडेनात! सगळे फोटो त्यातच. कॅमेऱ्यातलं कार्ड मी पुढच्या लग्नासाठी पुसून ठेवलेलं. लग्न काय पुन्हा लावता येतं?

कॉम्प्युटर नगरच्या दुकानातून घेतला होता. तिथं फोन केला, तर म्हणाले, थांबा, आमच्याकडून फोन येईल.

आला. पण बाईचा.

"नमस्कार सर, मी प्राजक्ता. तुमच्या कॉम्प्युटरची तक्रार आलीय."

आता पुरुष येईल असं दुकानदार कुठं म्हणाला होता? पण मला आपला संशय. "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"कोपरगाव. सर, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"ते ऱ्हाऊ द्या. मामाचं गाव कोणतं?"

"मला मामा नाही सर. आई एकटीच."

सापडली! मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही तेच. काउंटरकडं बघून मिशीला पीळ दिला. मंगलने बघितलंसुद्धा नाही.

दहा मिनिटांत दुसरा फोन. भारदस्त आवाज, मराठी जरा लंगडं. "सर, आम्ही कॉम्प्युटर कंपनीतून बोलतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम आहे."

"आहेच की! पण आधी सांगा, गाव कोणतं?"

"गाव... आपलंच सर. तुमच्या साइडचं."

"आमच्या साइडचं म्हणजे? जामखेडकडचे का?"

"हो हो सर, जामखेड."

"खास जामखेड, का खर्डा?"

"खर्डा सर!"

"म्हणजे किल्ल्याजवळ?"

"किल्ल्यातच राहतो सर."

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी डोकं चालायला हवं होतं. चालल्यासारखं झालंही जरा. पण म्हटलं, असेल बुवा, वस्ती वाढलीय हल्ली.

"आणि मामा?"

"चार आहेत सर!"

चार! मला भरून आलं. त्याने कॉम्प्युटरवर एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, मी घेतलं. आकडे वाचायला सांगितले, वाचले. आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप पळायला लागला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मी हात बांधून कौतुकाने बघत होतो.

मंगल मागे येऊन उभी राहिली. "अवं, हात तर तुमचं बगलंत हायेत. मग ह्ये कोन हलवतंय?"

"आपला पाहुणा हाय, खर्ड्याचा. चार मामा हायेत त्याला."

"मामाचं काय लोणचं घालायचंय?"

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली आणि पाहुण्याचा सूर बदलला. "सर, पाच मिनिटांत सगळे फोटो उडणार. वाचवायचे असतील तर मोबाईलवर नंबर आलाय तो लगेच सांगा."

फोटो उडणार? माझ्या डोळ्यांपुढे गुरुजी उभे राहिले. मेसेज उघडला. त्यात लिहिलेलं, हा नंबर कुणालाही सांगू नका. पण हा 'कुणीही' कुठं होता? हा तर खर्ड्याचा! मी पहिला आकडा सांगितला, आणि तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

मंगलने उचलला. पलीकडून प्राजक्ताच. आमच्या स्टुडिओचा नंबर तिने शोधून काढला होता. मंगलने दोन वाक्यांत इकडचं सांगितलं, आणि बाईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

"ताई, वायर काढा! आधी वायर काढा!"

इकडं हा म्हणतोय, "सर, पुढचा आकडा." तिकडं ती म्हणतेय, वायर. खरं कोण, खोटं कोण, मला काही कळेना. शेवटी ते चार मामा आठवले आणि मी ओरडलो, "तिचं ऐकू नको! ती खोटी हाय! हा आपला मानूस हाय!"

मंगलने माझ्याकडं एकदा बघितलं, वाकली, आणि भिंतीतला प्लग उपटला. मग माझ्या हातातला फोन घेऊन पाहुण्याला म्हणाली, "ठेव रं फोन, किल्लेदार." अन् बंद केला.

तासाभरात प्राजक्ता नगरहून स्कूटीवर हजर. शांत पोरगी. ते अ‍ॅप काढलं, पासवर्ड बदलायला लावले, बँकेत फोन करायला लावला, कॉम्प्युटर खोलून बसली. मी कोपऱ्यात देव आठवत होतो. चार वाजता तिने स्क्रीन माझ्याकडं वळवली. वरात, अक्षता, जेवणावळ, सगळं जागच्या जागी होतं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गुरुजींना अल्बम सहाला मिळाला, पण मिळाला.

मंगलने प्राजक्ताला पोहे दिले, मला नाही. तरी मी आपली बाजू मांडलीच. "पन मी काय करनार? तिला मामाच न्हाई म्हनली! मामा न्हाई असं मानूस असतं का कुटं?"

मंगल पोह्यांची ताटली हातात घेऊन थांबली. "मलाबी न्हाई मामा."

"काय?"

"बावीस वर्सं संसार केलाय. मला मामा न्हाई. मांडवात मला थोरल्या चुलत्यांनी आनलं. तुमी समोर हुता की! ध्यान कुटं हुतं?"

आता काय सांगू तिला? अंतरपाटामागून मी फोटोग्राफरला खुणा करत होतो, 'उजेड मागून येतोय, जरा डावीकडं सरक.'