जोड कोण होती?

कोणी "जिंकलो" म्हणत समोर आला की नाना शाबासकी द्यायचे नाहीत. उजवा हात स्वतःच्या मानेवरून मागे फिरवायचे, घसा साफ करायचे आणि विचारायचे, "जोड कोण होती?"

माझी भाची वर्गात पहिली आली, तेव्हा पेढे घेऊन शेजारी त्यांच्याकडे गेली. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि हात मानेवर नेला.

"वर्गात मुलं किती?"

"सहा."

"हं," नाना म्हणाले.

माझ्या बहिणीने त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याकडे लोणचं पाठवलं नाही.

ही खोड जत्रेतल्या आखाड्यातली. यावलकडच्या शेतकरी घरातला हा माणूस तरुणपणी कुस्त्यांच्या जोड्या लावायचा. जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिली असेल, तर तो माणूसही पाहिला असेल. दोन गडी शेजारी उभे करायचे, माना चाचपायच्या, दंड दाबून बघायचे आणि जोड बरोबरीची आहे की नाही ते सांगायचं. जोड खोटी असली, तर जिंकणाऱ्याच्या फेट्यालाही लोक हसतात.

पुढे जळगावात आमचं कॉलेज निघालं आणि नाना तिथे व्यायामशिक्षक झाले. मी तिथेच ग्रंथालयात होतो. आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत. सकाळी मी पुस्तक उघडलं की पलीकडे त्यांच्या येरझारा सुरू व्हायच्या. बसून चहा पिताना मी त्यांना पाहिलेलं नाही. कपबशी हातात घेऊन चालायचे, आणि निम्मा चहा बशीतून सांडायचा.

फुटबॉल ते पोलिसांच्या मैदानावर बघून बघून शिकले होते. सामना सुरू झाला की बाहेरच्या रेषेच्या कडेने चेंडूबरोबर पळायचे. मागचे लोक ओरडायचे, "नाना, बसा हो, दिसत नाही." नाना वळूनही बघायचे नाहीत. मैदानाच्या त्या बाजूला त्यांच्या पायांनी गवत उरलं नव्हतं.

आखाड्याची सवय त्यांनी फुटबॉलातही आणली, आणि तिथे ते एकदा चांगलेच फसले. धुळ्याचा संघ आला होता. नानांनी पाहुण्यांचं स्वागत करता करता एकेकाची मान चाचपली. गोलकीपरला गुदगुल्या होत होत्या, तो खिदळत मागे सरला. एका किरकोळ पोराला हात लावून नाना आमच्या कानात म्हणाले, "काडी शे नुसती." त्या काडीने आमच्यावर तीन गोल केले. परत जाताना धुळ्याची पोरं गाडीच्या खिडकीतून ओरडली, "नाना, काडीची मान पुन्हा बघा!" नाना मनापासून हसले. "इथे मानेवर काही नाही," मला म्हणाले. "पायावर आहे. आणि पाय चाचपून कळत नाहीत."

हे पहिल्या वर्षीचं. दुसऱ्या वर्षी, महायुद्ध संपून वर्ष होऊन गेलं होतं, तेव्हा आमचा संघ जिंकतच सुटला. पाचोरा, जामनेर, जवळपासची हायस्कुलं, कापसाच्या एका जिनिंगमधल्या कारकुनांचा संघ. गावात पोरांना पानवाले फुकट पान देऊ लागले. शेठजी म्हणून कॉलेजचे एक आश्रयदाते होते, त्यांनी सांगितलं की नाताळात पुण्याला कॉलेजांचे सामने आहेत, संघाला मी पाठवतो.

नाना मात्र जास्तच अस्वस्थ झाले. जामनेरहून मोठा विजय घेऊन संघ परतला, त्या दिवशी बोर्डिंगात पोरांसाठी वांग्याचं भरीत आणि पुऱ्या होत्या. नाना उशिरा आले. सामन्यानंतर ते तिकडच्या पोरांबरोबर चहाला थांबले होते.

"त्यांचा तो उंच बॅक आज नव्हता," ते पंगतीतून फिरत म्हणाले. "तुम्ही पाहिलं का?"

"नसेल आला," कोणीतरी म्हणालं.

"आज तिथला बाजार. तो कापसाच्या गाडीबरोबर गेला होता. त्याचा भाऊही गेला होता. तुमच्यासमोर उरलेली पोरं होती. जोड नव्हती ही."

"नाना, आधी जेवू तरी द्या," कप्तान म्हणाला, आणि सगळे हसले. नानाही हसले, पण बसले नाहीत.

या कप्तानाबद्दल सांगायला हवं. रावेरकडच्या केळीच्या बागाईतदाराचा मुलगा, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. नानांच्या खोलीत तो घरच्यासारखा शिरायचा, शिंक्यावरचं काढून खायचा. त्या वर्षानंतर वडील त्याला बागेत घालणार होते. मनमाडच्या पुढे तो कधी गेला नव्हता. पुण्याला जायचं ते त्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही.

पुण्याच्या आधी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. शेठजी होते, कप्तान होता, मीही कोपऱ्यात होतो. साहेब म्हणाले, "नाना, यंदा एकही सामना हरलेलो नाही. आता तुम्ही दोन शब्द बोला."

नाना खिडकीपाशी जाऊन परत आले. "साहेब, झाडाखाली बसून निवडून निवडून खाल्लेली बोरं आहेत ही. गोडच लागणार. पुण्याला जायच्या आधी एकदा भुसावळच्या रेल्वेवाल्यांशी खेळू."

"ते बूट घालून खेळतात," साहेब म्हणाले.

"म्हणूनच."

शेठजींनी पानाचा डबा मिटला. "आणि हरलो तर? हरलेला संघ मी पुण्याला नेऊन दाखवणार नाही, नाना. गावाचं नाव आहे."

"मग जिंकून जाऊ," नाना म्हणाले. "नाहीतर आपण कुठे आहोत ते तरी कळेल."

बाहेर आल्यावर कप्तानाने त्यांचा हात धरला. "नाना, राहू द्या ना ते भुसावळ. जाऊ द्या आम्हाले. तठी हारलो त हारलो. पुनं त पाहून येऊ."

"पुण्यात हरलास तर का हरलास ते कोण सांगणार तुला? हसतील आणि दुसऱ्या सामन्याकडे वळतील. इथे पाऊण तासावर माणसं आहेत. ती नीट हरवतील."

"तुम्हाले हारायचंच शे का?"

नाना खोलीकडे वळले. ते ठरवून बसले होते, आणि संघ त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

भुसावळच्या मैदानावर इंजिनांचा धूर आडवा येत होता. त्यांच्या संघात गोरे, मद्रासी, पठाण, सगळे होते. टक्कल पडलेला एक ड्रायव्हर बॅकला उभा होता. तो पळायचा नाही. जिथे चेंडू यायचा तिथे तो आधीच असायचा. आमची पोरं अनवाणी. पहिल्या गोलनंतर ती ओरडत होती, तिसऱ्यानंतर गप्प झाली, आणि सहावा झाला तेव्हा आमच्या गोलकीपरला वाकून उचललेला चेंडू परत फेकायलाही वेळ लागला. कप्तान एकटा शेवटपर्यंत त्या ड्रायव्हरच्या अंगावर जात राहिला. त्याची नडगी फुटली होती.

सामना संपल्यावर नाना ड्रायव्हरकडे गेले, त्याच्याशी हात मिळवला आणि सवयीने त्याची मानही चाचपली. तो गडगडून हसला.

परतीच्या गाडीत नाना दारात उभे होते. पोरं खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने नाना स्वतःशीच म्हणाले, "आता कळलं."

कप्तान पायाला फडकं बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुम्हाले कळलं, नाना. आमचं काय?"

पुणं रद्द झालं. गावात लोक नानांकडे बघून बोलता बोलता थांबायचे. पानवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "आपल्याच पोरांना धोबीपछाड घातलीत, नाना." नाना ते ऐकून घ्यायचे. कप्तान मात्र त्यांच्या खोलीत पुन्हा आला नाही. परीक्षा झाली आणि तो गावी निघून गेला. जाताना भेटला नाही.

त्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडच्या येरझारा लांबल्या. संध्याकाळी नाना स्टेशनावर जायचे, भुसावळकडची गाडी येऊन रिकामी होईपर्यंत फलाटावर फिरायचे आणि परत यायचे. एकदा मी बरोबर होतो. मध्येच थांबून म्हणाले, "भाऊ, मी जोड बरोबर पाहिली. पोराचं वय नाही पाहिलं. त्या वयात पुणं बघायचं असतं." एवढं बोलून पुन्हा चालू लागले.

पावसाळ्यात ते आजारी पडले. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, "नाना, तुमचा जोर फार लवकर गेला हो." नाना पडल्या पडल्या म्हणाले, "जोड कोण आहे ते तरी बघा, डॉक्टर." डॉक्टर हसले, आणि बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले की आशा कमी आहे. चालणारा माणूस अंथरुणावर पडला की पायच आधी वेडे होतात. चादरीखाली नानांची पावलं सारखी हलत असायची.

पोळ्यानंतर एका दुपारी दारात कप्तान उभा राहिला. खांद्यावर केळीचा घड, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. मी त्याला आत नेलं. घड कोपऱ्यात ठेवून तो खाटेजवळ खाली बसला.

"नाना, भुसावळले गेलतो. गावची पोरं घेऊन. बागेत शिकवलं त्यायले."

नानांनी डोळे उघडले.

"हारलो," तो म्हणाला. "एका गोलनं. तो टकल्या व्हता. त्यानं इचारलं, तो मान पाह्यणारा म्हातारा कुठी गेला म्हणून."

मी नानांच्या हाताकडे बघत होतो. तो सवयीप्रमाणे उचलला गेला, पण त्यांच्या स्वतःच्या मानेकडे गेला नाही. कप्तानाच्या मानेवर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. नानांनी काही विचारलं नाही. चादरीखालची पावलं त्या दुपारी पहिल्यांदा थांबलेली मी पाहिली. कप्तान मान खाली घालून तसाच बसून होता.

त्याच आठवड्यात नाना गेले.

दिवाळीनंतर मी एकदा मैदानावरून घरी येत होतो. रेषेबाहेरच्या त्या पट्ट्यावर त्या पावसाळ्यात गवत उगवलं होतं. तिथे पोरांनी सायकली आडव्या टाकल्या होत्या. कॉलेजात नवा आलेला एक मुलगा सायकल उचलता उचलता मला म्हणाला, "भाऊ, जामनेरला जिंकलो आज."

मी पुढे जायला हवं होतं. पाय थांबले.

"आज तिथला बाजार होता का?" मी विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. त्याचं हसू मावळलं. सायकलचं हँडल धरून तो माझ्याकडे वळला.

"नाना असंच विचारायचे म्हणे. तुम्ही त्यांचे कोण?" त्याने विचारलं.

"शेजारी," मी म्हणालो.