चेअरमनची किटली

ऊसतोडीला नेणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकला की आमच्या गावातला तो पोरगा कान दाबून किंचाळायचा. म्हणून आई त्याला घेऊन घरी थांबायची आणि दुष्काळातही, नवरा-बायकोनं जोडीनं करायच्या ऊसतोडीला बाप एकटाच, अर्ध्या मजुरीवर जायचा. सात वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाही. पंधराव्या वर्षी एकच वाक्य दिवसभर घोळवायचा. मी गावातला पहिला बी.ए., पण ‘स्वमग्न’ हा शब्द मलाही उशिराच कळला.

विशीत आमच्या दूध सोसायटीनं त्याला दूध तपासायला महिनाभर ठेवून पाहिलं. शेवटच्या दिवशी चेअरमनची किटली आली. दुधात लॅक्टोमीटर सोडून, वर न बघता तो म्हणाला, “पाणी हाय.”

“नीट बघ बे, माझं दूध हाय!”

“तुमचंच हाय. पाणी बी हाय.”

रांगेतल्या बाया हसल्या. सोसायटीचा सचिव असून मी वहीत डोकं खुपसलं. चेअरमननी किटली परत नेली. दूध यानंच तपासायचं असा बायांनी हट्टच धरला, आणि पुढच्या बैठकीत आम्ही त्याला नोकरीत कायम केलं.