‘म’ म्हणजे मराठी नव्हे

खराडीत नोकरी करणाऱ्या एका संगणक अभियंत्याने मला फसवलं, आणि माझ्या हातून शनिवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकाला फसवलं. पहिलं मी एखादवेळेस विसरेन. दुसरं नाही.

मंडईजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. जुन्या तबकड्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या. माझी शाळा आठवीत सुटली, पण फळ्यांवरच्या तबकड्या मी संगीतकारांनुसार लावल्या होत्या. कोणी नटाचं नाव सांगून गाणं मागितलं की मी विचारायचो, "संगीत कोणाचं?" आठवलं नाही तर, "मग घरी जाऊन आठवून या."

भिंतीवर मी हाताने लिहिलेली यादी होती: सिनेसंगीतावर सर्वांत खोल ठसा उमटवणारे दहा संगीतकार. ढोलकाला पंजाबी ठेका देणारा, पन्नास व्हायोलिनं एका खोलीत बसवणारा, रिकाम्या बाटलीतूनही सूर काढणारा. एका प्राध्यापकांना आपला लाडका संगीतकार सातवा आल्याचा इतका राग आला की वर्षभर ते फिरकले नाहीत. आले तेव्हाही तो सातवाच होता.

शनिवार पेठेतले ते व्हायोलिनवादक म्हणजे आबा. त्यांनी पहिल्यांदा ती यादी वाचली आणि म्हणाले, "छान. यातल्या सहांकडे मी वाजवलंय."

मुंबईच्या स्टुडिओंत त्यांची उमेदीची वर्षं गेली. कीबोर्ड आले, एक माणूस वीस जणांचं वाजवू लागला, आणि आबा पुण्याला परतले. त्यांच्याकडून मला कळलं की दोन कडव्यांच्या मधलं संगीत पुष्कळदा संगीतकाराचं नसतंच. तो चाल बांधून देई; मधले तुकडे आबांसारखी माणसं रचत. लोक शीळ घालतात ती त्या तुकड्यांची. तबकडीवर नाव मात्र एकाचंच.

चार वर्षं, दर रविवारी सकाळी, मी तबकड्या घेऊन त्यांचे तीन मजले चढलो. ते डोळे मिटून ऐकत आणि बोट वर करत. "हे माझं." किंवा, "हे माझं नाही, गोव्याच्या एकाचं."

"आबा, हेही तुमचंच वाटतंय हो."

"तुम्हाला वाटून काय होतंय? वाजवलं मी नाही."

माझ्यासारख्या घासाघीस करणाऱ्याला त्यांनी एक तुकडा जास्त घेऊ दिला नाही. दुसऱ्यांची नावं मी गाण्यापुढे पूर्ण लिहिली. आबांचं जिथे असेल तिथे समासात लाल शाईने नुसता ‘म’. मधलं, म्हणजे आबांचं. अशा अकरा वह्या झाल्या.

कॅसेट मेल्या तेव्हा तो अभियंता आला. जुनं गिऱ्हाईक. "काका, हे सगळं नेटवर टाकू. टॉप टेन कंपोझर्स, कोणाचा कोणावर इन्फ्लुअन्स, सगळं. लोक वेडे होतील."

माझं नाव तो खाली, बारीक टाकणार होता. मी म्हटलं, प्रत्येक पानावर, वर, ठळक. तीन चहा झाले तेव्हा तो कबूल झाला. मग मी लाल ‘म’ समजावून सांगितला आणि म्हटलं, "तिथे आबांचं नाव माझ्याआधी आलं पाहिजे."

"डन, काका."

वह्या दिल्या. ठळक अक्षरांचा सौदा जिंकल्याच्या आनंदात ‘डन’ कागदावर लिहून घ्यायचं राहिलं.

साइट सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मी आबांना सायबर कॅफेत घेऊन गेलो. ते इस्त्रीचा कोट घालून आले होते. आधी माझी यादी आली, वर माझं नाव. मग आबांचं सगळ्यांत गाजलेलं हिंदी गाणं उघडलं. संगीतकाराचं नाव होतं. त्याखाली ‘भाषा: मराठी’. दुसरं हिंदी गाणं उघडलं. भाषा: मराठी. जिथे जिथे लाल ‘म’, तिथे मराठी. आबांचं नाव कुठेच नाही.

आबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी आता भाषा झालो." चष्मा परत लावून म्हणाले, "तुमचं नाव मात्र ठळक आलंय हो."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी दार उघडलं, पण तबकडी लावू दिली नाही.

मी त्या अभियंत्याला फोन केला. "काका, टायपिंग बाहेर दिलं होतं. नेक्स्ट व्हर्जनमध्ये बघू. आणि खरं सांगू का, लोकांना कंपोझर कळला की झालं. मधल्याचं कोणाला पडलंय?"

"वाजवणाऱ्याला पडलंय. वह्या परत करा."

"ऑफिस शिफ्ट झालं ना. असतील कुठेतरी."

आता बाकीच्या साइटींनीही तेच उतरवून घेतलंय. प्रत्येक ठिकाणी आबांचे तुकडे दुसऱ्याच्या नावावर, आणि त्या खोट्यावर साक्षीदार म्हणून माझं नाव. आबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या तुकड्यांचा पुरावा माझ्या अकरा वह्यांत होता किंवा त्यांच्या कानांत आहे. वह्या, अभियंतासाहेब, तुम्ही हरवल्यात.

तेव्हा मला माफी नको. नाव माझं काढा, त्यांचं घाला. आणि शनिवार पेठेत येऊन, तीन मजले चढून, आबांच्या समोर बसून, लाल ‘म’ म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगितलं होतं की नव्हतं, तेवढं स्वतःच्या तोंडाने बोला. रविवारी सकाळी ते घरीच असतात. कोणत्या रविवारी येताय?