भोंगा आणि उपडी वाटी

लहान मुलांचा धीर मोजायचं काम मी एकोणिसाव्या वर्षी केलं, तेही स्वतःला अजिबात धीर नसताना. आता त्या मोजणीला मेंदूची कार्यकारी क्षमता असं भारदस्त नाव आहे. आमच्या बालशिक्षणाच्या वर्गात नुसतं ‘संयम आणि अवधान’ म्हणायचे आणि हातात एक छापील तक्ता द्यायचे. तो तक्ता, पितळी घंटा आणि मनगटावर वडिलांचं घड्याळ घेऊन मी गिरगावातून लालबागच्या एका चाळीतल्या बालवाडीत जायची. ऐट मात्र कलेक्टरची.

कसोटी सोपी होती. मुलासमोर उपडी वाटी, वाटीखाली राजगिऱ्याचा लाडू. घंटा वाजेपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी पाच जणांना ओळीने बसवलं. मी घड्याळात बघत असतानाच शेजारच्या गिरणीचा भोंगा झाला आणि चौघांनी एकदम वाट्या उचलल्या. पाचवा तेवढा बसून राहिला. मी चौघांच्या नावांपुढे फुल्या मारल्या.

त्या चौघांतली एक मुलगी जूनमध्ये शाळेत जायची होती. तिच्या कागदावर मी लिहिलं, ‘अजून तयार नाही.’ अक्षर छान आलं म्हणून मला बरंही वाटलं.

बालवाडीच्या बाईंनी कागद वाचून चष्मा काढला.

“हा कागद शाळेत गेला तर ही पोर गावाला जाईल, ठाऊक आहे? आईबाप दोघं गिरणीत. इथलं वय संपलं, शाळेने घेतलं नाही, तर सांभाळणार कोण? मालवणला आजीकडे धाडायचं म्हणतायत. तिथून मग कोण परत आणतंय?”

“पण बाई, तिने वाटी उचलली.”

“भोंग्यावर उचलली. घरी आई येईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, आणि आई येते भोंगा झाला की. बाकीच्या तिघांच्याही घरी तेच. बसून राहिला तो वाण्याचा मुलगा. तू गिरगावची, तुला कोण सांगणार?”

मला लाज वाटली, आणि त्या वयात लाज वाटली की मला राग यायचा. बाई रागावल्या नाहीत. “उद्या परत बस तिच्यासमोर,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितलं, “भोंगा झाला की उचल हं.” भोंग्याला पाचच मिनिटं राहिली होती. पाच झाली, दहा झाली, भोंगा काही होईना. खाली रस्त्यावर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’च्या घोषणा सुरू झाल्या. कामगार गिरण्या बंद करून बाहेर पडले होते.

मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. एकदा वाकून तिने वाटीचा वास घेतला आणि पुन्हा ताठ झाली. वीस मिनिटांनी माझाच धीर सुटला.

“खा गं आता.”

“भोंगो वाजूक नाय अजून.”

दारातून बाईंनी तोंडाशी हात धरून भोंग्याचा आवाज काढला. ती खुदकन हसली, पण हात मांडीखालीच. शेवटी मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

“आज गिरण्या बंद आहेत. भोंगा होणारच नाही. मला ठाऊक नव्हतं, चुकलं माझं.”

तिने मांडीखालून हात काढले.

“मगे तसां सांगाचा मां,” म्हणाली आणि वाटी उचलली.

मी कालचा कागद फाडला आणि नवा लिहिला. या खेपेला अक्षराकडे लक्ष नव्हतं. जूनमध्ये ती शाळेत गेली; मालवणला फक्त मे महिन्यात, सुट्टीपुरती.

तक्ता मला वर्गाने दिला, पण मोजायला शिकवलं ते त्या बाईंनी आणि त्या पोरीने. दोघींची आठवण आली की आजही मन भरून येतं. बाईंनी मला त्या दिवशी हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, इतकी मी चुकले होते.

पुढे आयुष्यभर मी मुलंच तपासली. समोर मूल बसलं की घड्याळ लावायच्या आधी मी त्याच्या आईला विचारायची, “तुमच्याकडे जेवायला बसतात कधी?” बायका चकित व्हायच्या. काहींना वाटायचं, या बाईंना भूक लागली असावी.