वहिनीच्या सुऱ्यांचं घर

आमच्या मंजुळा वहिनीला विळीवर बसून चिरणं जमत नसे, हाच तिचा पहिला गुन्हा. बावन्न साली लग्न होऊन ती अमळनेरला आली आणि दुसऱ्याच दिवशी पाट उलटा टाकून, वांगी पुढ्यात घेऊन, हातात सुरी धरून बसली. आमच्या मायने कपाळाला हात लावला. "हाई सुतारनी पोर शे का खाटिकनी?" असं म्हणाली, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वहिनी खाली मान घालून हसली. वांगी मात्र तिनं अशी पातळ आणि अशी सारखी चिरली की मायला बोट ठेवायला जागा सापडेना. त्यामुळे माय जास्तच चिडली.

त्या सुऱ्या वहिनीच्या बापानं केलेल्या. धुळ्याचे झुलालबाबा, आमच्यासारखेच सुतार. करवत झिजली की बाकीचे सुतार ती भंगारात टाकतात. झुलालबाबा तिचं पातं कापून, घासून त्याची सुरी करायचे. लेकीला लग्नात अशा चार दिल्या होत्या. एक भोपळा फोडायची, एक भाजीची, एक कांद्या-मिरचीची आणि एक इवलीशी, करंगळीएवढी, साल काढायची. चारींना शिसवीच्या मुठी. दुसऱ्या बायका माहेरच्या लुगड्याचं कौतुक सांगतात, ही सुऱ्यांचं सांगायची! आता काय म्हणावं या बाईला?

चुलीमागच्या भिंतीतल्या फटीत ती त्या खोचून ठेवायची. एकदा मिठाचं मडकं काढताना मायच्या मनगटाला ओरखडा गेला. झालं, दिवसभर तेच पुराण. त्या दिवशी वहिनी माझ्या भावाला म्हणाली, "तुम्ही साऱ्या गावाला दारं-खिडक्या करून देतात. माझ्या सुऱ्यांना एक लहानसं घर करून द्या ना."

माझा भाऊ पितांबर. बोलायला कमी, हाताला गोड. सत्तेचाळीस साली भुसावळचे रेल्वेचे साहेब विलायतेला जायला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या पेट्या ठोकायला तो गेला होता. तिथं एका साहेबाच्या स्वयंपाकघरात त्यानं सुऱ्या उभ्या ठेवायचा लाकडी ठोकळा पाहिला होता. तो त्याच्या डोक्यात राहिला होता. पण बायकोला 'करतो' म्हणेल तर शपथ! गुपचूप करून एकदम पुढ्यात ठेवायचा, असं त्याच्या मनात. वहिनी बोरी नदीवर धुणं घेऊन गेली की हा सुतळीनं सुऱ्या मोजायचा. मला एकटीलाच त्यानं कोळशानं फरशीवर काढून दाखवलं. अखंड लाकडात इतकी अरुंद खाच पाडायला गेलं तर ते तडकतं. म्हणून सागाच्या पाच फळ्या घ्यायच्या, दोन फळ्यांमध्ये काठाला बारीक पट्ट्या घालायच्या आणि सगळं सरसानं चिकटवायचं. मधे आपोआप चार खाचा राहतात. तळ मोकळा, म्हणजे पाणी निथळून जाईल आणि पातं गंजणार नाही. आणि सगळा ठोकळा जरा मागे कललेला, म्हणजे बसल्या जागेवरून मूठ हाताशी येईल. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मी म्हटलं, "भाऊ, मला पण एक कर." म्हणाला, "तुला चार सुऱ्या कुठे शेत?"

हे चोपन्न सालचं. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते, दुसरा का तिसरा महिना. जूनच्या शेवटी, दिवस मावळताना, सूर्यग्रहण लागलं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, शिवू नये, नाहीतर लेकराच्या अंगावर त्याचं व्यंग येतं, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. मायनं वहिनीला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला गोधडी लावली. वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. साधी काडीसुद्धा मोडली नाही तिनं.

माझं सासर दोन गल्ल्या सोडून. त्या दिवशी मी माहेरीच होते. माय म्हणाली, परसातलं दार लावून ये. मी गेले तर मागच्या छपरातून करवतीचा आवाज. भाऊ सागाची फळी पायाखाली दाबून कापत होता.

"भाऊ, ग्रहण लागलंय! नवऱ्यानं पण हत्यार चालवू नये म्हणतात."

"अगं, आज गिऱ्हाईक नाही, ती आत बसलेली आहे, असा निवांत वेळ कधी मिळणार? करवतीचे दोन हात राहिलेत." आणि हसला. त्यानं ती फळी पूर्ण कापली. मी पाहिलं. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं.

जानेवारीत मुलगा झाला. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूही उघडी. त्याला अंगावर ओढता येईना. वहिनी कापसाच्या बोळ्यानं दूध पिळायची, ते नाकातून बाहेर यायचं. अकराव्या दिवशी ते गेलं. बारशासाठी आणलेली टोपी तशीच राहिली.

आणि मग मायनं तोंड उघडलं, की ग्रहणात वहिनीनंच काही कापलं असणार. "तूच कापं व्हई! त्या सुऱ्यांशिवाय तुले करमस का?"

"मी हात बी लावा नही," वहिनी म्हणाली. छातीवर ओला पदर, डोळे सुजलेले. तिनं मायकडे पाहिलंच नाही. भावाकडे पाहिलं. तिला एवढंच पाहिजे होतं हो, नवऱ्यानं एक वाक्य म्हणावं, की हिनं नाही कापलं.

भाऊ मूग गिळून बसला. मीही बसले.

मी त्याला छपरात गाठलं. म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी! सांगून टाक." त्यानं माझे दोन्ही हात धरले. "बेबा, मी माझं पोर मारलं. हे तिला कळलं तर ती मला परत तोंड दाखवेल का? कोन्हले सांगू नको." रडत होता. माझाही भाऊच ना तो. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला आजपर्यंत मला नाव सापडलेलं नाही, पाप म्हटलं तर पापालाही कमीपणा येईल.

खूप वर्षांनी जळगावच्या दवाखान्यात एका नर्सबाईनं मला समजावलं, की ओठाचं ते पोटातच तसं होतं, ग्रहणाचा आणि त्याचा काडीचा संबंध नसतो. म्हणजे भावानंही काही केलं नव्हतं! ग्रहण आपलं वर आकाशात, आणि खाली आम्ही एकमेकांचा जीव घेत बसलो. पण तेव्हा आम्हाला हे सांगणार कोण?

त्यानंतर गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की वहिनीला बोलावणं नसायचं. ती विळीवर चिरायला शिकली. बोटं कापून घ्यायची, पण शिकली. सुऱ्या तिथंच भिंतीत. भावानं कापलेल्या पाच फळ्या माळ्यावर. नवरा-बायको एकमेकांशी कधी वाकडं बोलले नाहीत. पण भाऊ जेवताना तिच्याकडे बघायचा नाही, आणि ती समजायची की हाही मलाच दोष देतो. मला दिसायचं ते, रोज दिसायचं.

अठ्ठावन्न साली तिला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला आणि एप्रिलमध्ये पुन्हा सूर्यग्रहण. मायनं घरातली सगळी पाती कुलपात ठेवायचं फर्मान काढलं, "यंदा मी बठ्ठी पाती कुलपात ठेवसू."

भावानं माळ्यावरून त्या फळ्या खाली काढल्या. मी म्हटलं, "चुलीत घाल त्या." म्हणाला, "तिच्यासाठी काढल्या होत्या गं. आता तरी देतो." चार दिवस तो त्यावरच होता. फळ्या रंध्यानं तासल्या, पट्ट्या बसवल्या, सरस वाळेपर्यंत दोरीनं आवळून ठेवलं. कडा अशा गोल घासल्या की लहान लेकराचाही हात लागला तर खुपू नये. आणि मग मायच्या सांगण्यावरून वर एक झाकण, झाकणाला कडी-कोयंडा. मायला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. नाही म्हटलं असतं तर 'का' विचारलं असतं ना तिनं!

ग्रहणाच्या आदल्या दिवशी त्यानं तो ठोकळा वहिनीपुढे ठेवला. वहिनी पदराला हात पुसून खाली बसली. एकेक सुरी खाचेत घातली, चारी बरोबर बसल्या. मूठ तिच्या हाताशी आली. "कधी मोजल्या तुम्ही?" तिनं विचारलं. चार वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

मग तिला कोयंडा दिसला. "हे कशाला?"

भाऊ खाली बघायला लागला. माय म्हणाली, "तुन्हा हातसाठे." झाकण लावलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

वहिनी उठली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. घागर भरलेली होती.

भाद्रपदात मुलगी झाली. ओठ छान, टाळू छान, रडली तर घर दणाणलं. मायनं तिला उचलून दारात नेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला दाखवलं. "देखं का? कुलूप लावं म्हणून!" सांगा, यावर काय बोलणार? एवढी गोंडस पोर, आणि तीच तिच्या आईवरचा पुरावा झाली.

पाचवी झाल्यावर मी बाळाला तेल लावत होते. वहिनी भिंतीला टेकून बसलेली. एकदम म्हणाली, "बेबाबाई, मीच कापं व्हई. मले याद नही, पण कापं व्हई. नाहीतर पहिला तसा का होता, आणि ही अशी का?"

माझ्या हातातली तेलाची वाटी सांडली. चार वर्षं सारं जग म्हणत होतं आणि ही एकटी नाही म्हणत होती. आज तीही हो म्हणाली.

मी तशीच तेलकट हातांनी छपरात गेले आणि भावाच्या समोरचा रंधा उचलून फेकून दिला. "चल आत! आज नाही बोललास तर मी तुझी बहीण नाही." तो आला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं येऊ नये, तरी आला. बाजेजवळ खाली बसला आणि सगळं सांगितलं. फळी, करवत, ग्रहण, दोन हात राहिले होते ते. "मी कापं, मंजुळा. तू नही. मी."

मला वाटलं, वहिनी आता शिव्या देईल, भिंतीवर डोकं आपटेल. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"नका हो," म्हणाली. "इतकी वर्षं बोलले नाहीत, आणि आज मन्हासाठे खोटं बोली ऱ्हायनात. स्वतःच्या लेकराचं असं अंगावर घेऊ नये."

"वहिनी, खरंय! मी पाहिलंय!" मी ओरडले.

तिनं माझ्या गालावर हात फिरवला. "बेबाबाई, तुम्ही दोन्ही भाऊ-बहीण लई चांगला शेतस."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. खरं सांगायचं तेव्हा आम्ही गप्प, आणि सांगितलं तेव्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे भावानं तिला किती वेळा सांगितलं, किती वेळा पाया पडला, पण ती हसून त्याच्या तोंडावर हात ठेवायची. आणि नदीवर, विहिरीवर, माहेरी धुळ्याला, जिथं जाईल तिथं बायकांना कौतुकानं सांगायची: माझा नवरा देवमाणूस. मी माझं पोर मारलं, आणि ते पाप तो स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघाला होता.